मॅकवे धबधबा आणि त्याच्या मागचे उद्यान : ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क

कॅलिफोर्नियातील बिग सरच्या किनाऱ्यावर असलेल्या ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्कची ओळख बहुतेकांना एका छायाचित्रामुळे झालेली असते. कड्यांच्या कुशीतला लहानसा अर्धगोल किनारा, हिरवट निळे पाणी, माणसाचे एकही पाऊल न उमटलेली पुळण आणि कड्यावरून त्या पुळणीवर पडणारी पांढरी धार, असे ते दृश्य आहे. ही धार म्हणजे मॅकवे धबधबा. त्याची उंची सुमारे ८० फूट आहे, तो बारमाही वाहतो आणि भरतीच्या वेळी त्याचे पाणी थेट पॅसिफिक महासागराला मिळते. गाडी लावावी, दहा मिनिटे चालावे, छायाचित्र काढावे आणि पुढच्या ठिकाणाकडे निघावे, असा इथे येणाऱ्या बऱ्याच जणांचा कार्यक्रम असतो. माझे मत असे आहे की या पद्धतीने पाहिल्यास हे उद्यान निम्मेही हाती लागत नाही. धबधबा हे मॅकवे ओढ्याचे शेवटचे टोक आहे. तो ओढा रेडवूड या उंच सूचिपर्णी झाडांच्या ज्या घळीतून येतो ती घळ, त्याच्या पाण्यावर फिरलेले वीजचक्र, त्याच्या काठी उभे राहिलेले आणि पुढे पाडले गेलेले घर हे सगळे पाहिले की त्या एका धारेमागे केवढा प्रदेश उभा आहे ते लक्षात येते. म्हणून हे परीक्षण मी समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेने लिहीत आहे.

उद्यान हायवे १ या किनारी रस्त्यावर आहे. उत्तरेकडून येताना कार्मेल गावापासून ते साधारण ३७ मैलांवर आणि फायफर बिग सर स्टेट पार्कच्या दक्षिणेला साधारण १२ मैलांवर लागते. ही दोन्ही उद्याने नावसाधर्म्यामुळे एकच समजली जातात. त्यात भर म्हणजे याच परिसरात फायफर बीच नावाचा तिसरा किनाराही आहे. नकाशावर पूर्ण नाव तपासून घेतल्याशिवाय निघू नये, कारण या वळणावळणाच्या रस्त्यावर बारा मैलांची चूकही बराच वेळ खाते. दिवसभराचे शुल्क एका गाडीमागे १० डॉलर होते. ती पावती जपून ठेवावी, कारण त्याच दिवशी ती फायफर बिग सरमध्येही चालते. वाहनतळ लहान आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच भरतो. शुल्क वाचवण्यासाठी अनेक जण हायवेच्या कडेला गाडी लावून चालत येतात. तसे करणे मला अजिबात योग्य वाटत नाही. रस्ता दोनपदरी आहे, वळणापलीकडचे दिसत नाही, आणि दारे उघडून मुलांना उतरवणारी कुटुंबे त्या वळणांवर अक्षरशः जीव धोक्यात घालतात. उद्यानात स्वच्छतागृहे आणि जेवणासाठी टेबले आहेत, पण खाण्याचे दुकान नाही. मोबाइलला रेंज जवळपास नसतेच. नकाशा आधी उतरवून घेणे, पेट्रोलची टाकी कार्मेललाच भरणे आणि शिदोरी बांधून नेणे, या तिन्ही गोष्टी इथे आवश्यक आहेत.

धबधब्याकडे जाणारी वाट एकूण जाऊन-येऊन अर्ध्या मैलाहून थोडी अधिक आहे. सुरुवातीच्या पायऱ्या सोडल्या तर ती जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाण्यासारखी आहे. वाट ओढ्याच्या सोबतीने उतरते, हायवेच्या खालून काढलेल्या बोगद्यातून जाते आणि पलीकडे निघताच समोर समुद्र येतो. तिथून ती उजवीकडे वळून कड्याच्या अंगाने पुढे सरकते. धबधबा लगेच दिसत नाही. काही पावले पुढे जाऊन मागे वळून पाहिले की तो कड्यातून बाहेर आलेला दिसतो. सह्याद्रीतले धबधबे पाहून आलेल्या माणसाला त्याचे आकारमान पहिल्यांदा किरकोळ वाटेल. पाण्याचा फार मोठा लोंढा नाही, गर्जना नाही, तुषारांचा पडदा नाही. त्याची किंमत कळायला कठड्याशी थोडे थांबावे लागते.

मी तिथे भरती चढत असताना बराच वेळ उभी होते. धार वाळूवर पडते तिथे एक उथळ डोह झाला आहे आणि त्या डोहातून निघालेला पाण्याचा पाट पुळणीवरून समुद्राकडे जातो. एखादी मोठी लाट आली की तिचा फेस त्या पाटातून उलटा चढत थेट धारेच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो आणि क्षणभर गोडे पाणी खाऱ्यावर पडत राहते. लाट ओसरताना पाटाची जुनी रेघ पुसून जाते, वाळू गुळगुळीत होते, आणि मग डोहातले पाणी पुन्हा नवी वाट शोधते, कधी थोडी डावीकडून तर कधी उजवीकडून. ओहोटीच्या वेळी गेलेल्या माणसाला हे पाहायला मिळत नाही, म्हणून जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवावे असा माझा आग्रह आहे. प्रकाशाच्या दृष्टीने दुपारनंतरची वेळ चांगली, कारण सकाळी कड्याची सावली बराच वेळ कोव्हवर, म्हणजे कड्यांमधल्या या लहानशा खाडीवर, राहते, आणि ऊन पश्चिमेकडे कलल्यावर कातळ आणि पाणी दोन्ही उजळतात. समुद्रात पडणारे धबधबे कॅलिफोर्नियात फार थोडे आहेत. उत्तरेला पॉइंट रेयेसच्या किनाऱ्यावरचा अलामेअर धबधबा हा असाच दुसरा, पण तिथे पोहोचायला बरीच मैलांची पायपीट करावी लागते. इतक्या सहज पाहता येणारा असा धबधबा म्हणजे मॅकवेच.

ज्या पुळणीमुळे हे दृश्य इतके रेखीव वाटते, ती पुळण फार जुनी नाही, ही गोष्ट मला या ठिकाणातील सर्वांत विलक्षण वाटली. पूर्वी धबधब्याची धार बारा महिने सरळ लाटांतच पडत असे. १९८३ च्या अतिवृष्टीच्या हिवाळ्यात इथून थोड्या उत्तरेला डोंगराची प्रचंड दरड कोसळली आणि हायवे वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला. कोसळलेले आणि रस्ता मोकळा करताना समुद्रात गेलेले माती-दगड लाटांनी दळले, किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने दक्षिणेकडे वाहून आणले आणि या कोव्हमध्ये त्यांची वाळू साठली. जुन्या छायाचित्रांत कड्याच्या पायथ्याशी वाळूचा कणही दिसत नाही. आज जे दृश्य पाहायला जगभरातून लोक येतात, त्याचा निम्मा भाग एका आपत्तीने घडवलेला आहे आणि पुढचा एखादा उग्र हिवाळा तो पुन्हा बदलूही शकेल.

त्या पुळणीवर उतरण्यास सक्त मनाई आहे. उतरण्यासाठी वाट नाही, कडे ठिसूळ आहेत, आणि नियम मोडणाऱ्यावर दंडात्मक कारवाई होते. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजणे हाच सहलीचा गाभा मानणाऱ्या आपल्या लोकांना हे कडक वाटण्याची शक्यता आहे. मला मात्र हा या उद्यानाचा सर्वांत चांगला नियम वाटतो. वाळूवर कुणी नसल्यामुळेच वरून पाहणाऱ्या प्रत्येकाला तो किनारा मूळ रूपात पाहायला मिळतो, आणि समुद्रपक्ष्यांना व सील प्राण्यांना विसाव्याची एक जागा शिल्लक राहते. असे असूनही कठडा ओलांडून कड्याच्या अगदी टोकाशी छायाचित्रासाठी उभी राहणारी माणसे दिसतात. ज्या मातीवर ती उभी असतात ती खालून पोकळ झालेली असू शकते, हे त्यांना वरून दिसत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी या वाटेवर त्यांचा हात सोडू नये. ड्रोन उडवण्यास बंदी आहे आणि कुत्र्यांना पायवाटांवर नेता येत नाही.

वाट जिथे संपते तिथे एक सपाट चौथरा आहे आणि त्याच्याभोवती या प्रदेशात अनपेक्षित वाटणारी ताडाच्या जातीची झाडे आहेत. इथे एकेकाळी घर होते. न्यूयॉर्कमधून १९१३ ते १९१५ या काळात अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले लॅथ्रॉप ब्राउन आणि त्यांच्या पत्नी हेलेन यांनी १९२४ मध्ये इथली जमीन विकत घेतली. ब्राउन हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे शाळेपासूनचे मित्र होते. त्यांनी कड्यावर आधी लाकडी घर आणि पुढे १९४० च्या सुमारास पक्के दुमजली घर बांधले. खिडकीतून धबधबा समोर दिसत असे. पतीच्या निधनानंतर हेलेन ब्राउन यांनी ही सारी जमीन राज्याला दिली आणि १९६२ मध्ये उद्यान अस्तित्वात आले. घराचे संग्रहालय करावे आणि ठरावीक मुदतीत ते झाले नाही तर घर पाडून टाकावे, अशी त्यांची अट होती. संग्रहालय झाले नाही, घर पाडले गेले. एवढे मोक्याचे घर पाडल्याबद्दल हळहळणारे लोक मला त्या चौथऱ्यावर भेटले. मला हेलेन ब्राउन यांचा निर्णय दूरदृष्टीचा वाटतो, कारण घर राहिले असते तर आज ती जागा कुणा भाग्यवंतांचे अतिथिगृह झाली असती आणि आपण सर्वांनी ती हायवेवरून पाहिली असती.

त्यांनी उद्यानाला स्वतःचे नाव दिले नाही, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. ज्युलिया फायफर बर्न्स या बिग सरमधल्या सुरुवातीच्या वसाहतकार कुटुंबातील होत्या. गुरे पाळणे, रानवाटांनी हिंडणे आणि या डोंगरांत कष्टाने जगणे यांत त्यांचे आयुष्य गेले. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. श्रीमंत शहरी कुटुंबातल्या एका बाईने आपल्या रांगड्या डोंगरी मैत्रिणीचे नाव ३,७०० एकरांहून अधिक जमिनीला द्यावे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मॅकवे हे नाव त्याहून जुने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घळीत येऊन शेती करणाऱ्या ख्रिस्तोफर मॅकवे यांचे.

आता ओढ्याच्या वरच्या अंगाला यावे. वाहनतळाजवळ ओढ्याकाठी एक जुने पेल्टन चक्र जतन करून ठेवले आहे. बहुतेक जण त्याच्या शेजारून निघून जातात. लोखंडी चाकाच्या कडेला जोडवाट्यांसारखे पेले बसवलेले असतात. उंचावरून नळाने आणलेले पाणी तोटीतून वेगाने त्या पेल्यांवर आदळते आणि चाक फिरते. पाणी थोडे पण उंची भरपूर, अशा ठिकाणी हे चक्र सर्वांत उपयोगी पडते. आपल्याकडे खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात याच तत्त्वाची, पण अतिशय मोठी चक्रे आहेत. इथले छोटे चक्र ब्राउन यांच्या पदरी असलेल्या हान्स इव्होल्डसेन यांनी बसवले आणि बिग सरच्या या दुर्गम पट्ट्यात विजेचे दिवे लागले ते त्याच्यामुळे. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनी इथे पाच मिनिटे द्यावीत.

इव्होल्डसेन यांच्याच नावाने असलेली इव्होल्डसेन ट्रेल ही या उद्यानातील मुख्य डोंगरवाट आहे. ती साडेचार मैलांच्या आसपासची फेरी आहे आणि तिच्यात सुमारे १,६०० फुटांची चढण आहे. सवय असलेल्याने तीन तास धरावेत, मुलांसह चार. वाटेची सुरुवात टेबलांच्या मागून, ओढ्याला लागूनच होते, आणि शंभर पावलांत हवा बदलते. बाहेर समुद्राचा लख्ख उजेड असतो आणि आत रेडवूडची सावली, ओल आणि पाण्याचा आवाज. किनारी रेडवूडचा पट्टा बिग सरच्या थोड्या दक्षिणेला संपतो, म्हणजे ही झाडे आपल्या अधिवासाच्या जवळजवळ शेवटच्या सीमेवर उभी आहेत. उन्हाळ्यात इथे पाऊस नसतो. त्या कोरड्या महिन्यांत समुद्रावरून येणारे धुके त्यांना जगवते. धुक्याचे थेंब सुयांसारख्या पानांवर जमतात आणि ठिबकत मुळांशी जातात. अनेक बुंध्यांच्या पायथ्याशी कोळशासारख्या काळ्या कपारी दिसतात, त्या जुन्या वणव्यांच्या खुणा आहेत. जाड, टॅनिनयुक्त साल आतले झाड वाचवते आणि जळालेल्या झाडाच्या बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. एका मोठ्या जळक्या खोडाभोवती कोवळ्या रेडवूडचे कडे उभे असलेले पाहिले की ते एकाच मुळाचे कुटुंब आहे हे ओळखता येते.

जमिनीवर नेचे आणि आपल्या आंबुशीच्या कुळातील तीन पानांची रेडवूड सॉरेल ही वनस्पती पसरलेली असते. एका ठिकाणी झाडांच्या फटीतून उन्हाचा कवडसा तिच्या ताटव्यावर पडला होता. कवडशातली पाने छत्री मिटावी तशी खाली मिटलेली होती आणि त्याच्या बाहेरची, हातभर अंतरावरची, सपाट उघडी होती. कवडसा सरकला तशी काही मिनिटांतच पुढची पाने झुकू लागली. सावलीत जगायची सवय झालेल्या या झाडाला थेट ऊन सोसत नाही. असे काही पाहायचे तर चालण्याचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि इथे तसे चालणाऱ्याला उद्यान भरभरून देते.

वाटेच्या सुरुवातीलाच कॅनियन फॉल्सकडे जाणारा लहान फाटा आहे. हा सुमारे ३० फुटांचा धबधबा घळीच्या कोपऱ्यात, रेडवूडच्या सावलीत पडतो. मॅकवेची कीर्ती त्याला नाही, पण त्याच्या जवळ जाता येते, त्याचा गारवा अंगाला लागतो. ज्यांना मोठी चढण नको त्यांनी निदान इथपर्यंत यावेच. पुढे इव्होल्डसेन ट्रेल नागमोडी वळणे घेत घळीबाहेर पडते, रेडवूड मागे राहतात, ओक आणि खुरटी झुडपे सुरू होतात, आणि वरच्या सोंडेवर आल्यावर खाली हायवेची रेघ आणि त्याखाली पसरलेला समुद्र एका नजरेत येतो. मला विचाराल तर या उद्यानातील सर्वोत्तम जागा ही आहे. कित्येकदा खाली धुक्याचा थर असतो आणि वर स्वच्छ ऊन. अशा दिवशी समुद्र दिसत नाही, तरीही केलेली चढण वाया गेली असे वाटत नाही.

या वाटांवर एका वनस्पतीची ओळख करून घेतल्याशिवाय जाऊ नये, ती म्हणजे पॉयझन ओक. नावात ओक असला तरी ती आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातील आहे, आणि बिब्बा उतल्यावर कातडीची जी अवस्था होते तशीच हिच्या स्पर्शाने होते. एका देठावर तीन पानांचा संच, वसंतात चकचकीत हिरवा, उन्हाळ्याअखेर लालभडक. मुलांना ती लाल पाने तोडावीशी वाटतात, म्हणून आधीच सांगून ठेवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि वाट सोडून झुडपांत शिरू नये.

मुख्य प्रवेशद्वारापासून दोनेक मैल उत्तरेला, एका मोठ्या वळणावर, पार्टिंग्टन कोव्हकडे उतरणारी वाट आहे. हाही याच उद्यानाचा भाग आहे, पण तिथे मोठी पाटी नाही. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला लोखंडी फाटक दिसले की तेच ठिकाण. अर्धा मैल उतार, आणि तो चांगला तीव्र आहे, त्यामुळे परतीची चढण गुडघ्यांनी लक्षात ठेवावी. खाली ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला की कातळ फोडून काढलेला आणि लाकडी ओंडक्यांनी सावरलेला बोगदा लागतो. एकोणिसाव्या शतकात जॉन पार्टिंग्टन यांनी तो टॅनओक झाडाची साल जहाजांवर चढवण्यासाठी काढला. चामडे कमावायला आपल्याकडे बाभळीची साल वापरत, तशी तिकडे ही साल वापरली जाई. तेव्हा किनाऱ्याने रस्ता नव्हता. हायवे १ खुला झाला तो १९३७ मध्ये. खडकाळ कोव्हमध्ये जहाज बांधण्यासाठी ठोकलेली लोखंडी कडी अजून कातळात आहेत आणि त्यांच्यावर हात ठेवता येतो. एकेकाळी सालीसाठी तोडली जाणारी टॅनओकची झाडे आता सडन ओक डेथ नावाच्या रोगाने मरत आहेत, आणि वरच्या टॅनबार्क ट्रेलवर वाळलेली करडी खोडे पाहताना वाईट वाटते. ती लांब, दमवणारी वाट पार्टिंग्टन ओढ्याकाठून वर चढत ब्राउन यांच्या पत्र्याच्या घरापाशी जाते. घर आता मोडकळीस आले आहे. खास त्यासाठी एवढे चढावे असे मी सांगणार नाही, पण अंगणातून दिसणारा समुद्र अप्रतिम आहे.

समुद्राकडे आणि आकाशाकडे लक्ष ठेवण्यासाठी दुर्बीण न्यावी. ग्रे व्हेल डिसेंबर-जानेवारीत आर्क्टिककडून मेक्सिकोतील बाहाच्या खाजणांकडे जातात आणि वसंतात पिल्लांसह परततात. परतीच्या वेळी माद्या किनाऱ्याला अधिक धरून असतात, म्हणून एप्रिलमध्ये धबधब्याच्या कठड्यावरूनही त्यांचे फवारे दिसू शकतात. केल्प या समुद्री शेवाळाच्या दाट तवंगात पाठीवर तरंगणारा समुद्री ऊद शोधून काढणे हा मुलांना तासभर पुरणारा उद्योग आहे. आणि डोंगरसोंडेवर कॅलिफोर्निया कोंडोर दिसला तर ते मोठे भाग्य समजावे. १९८७ मध्ये या पक्ष्यांची संख्या जगात अवघी २७ उरली होती आणि ते सगळे पिंजऱ्यात होते. बिग सरमध्ये त्यांना पुन्हा सोडण्यास १९९७ मध्ये सुरुवात झाली. इथे नेहमी दिसणारी टर्की व्हल्चर ही गिधाडे पंख किंचित वर उचलून डुलत उडतात; कोंडोर साडेनऊ फुटांचे पंख फळीसारखे सरळ ठेवून न डुलता तरंगतो, आणि पंखांवर क्रमांकाचे पट्टे असतात. तो पट्टा दुर्बिणीत स्पष्ट दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

कधी जावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या सवयीच्या उलट आहे. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा असतो, आणि जून-जुलैत धुके दिवसभर किनाऱ्यावर बसून राहू शकते. मार्च-एप्रिलमध्ये ओढा भरलेला, डोंगर हिरवे आणि फुले बहरलेली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश सर्वांत निरभ्र असते. मी एप्रिलला प्रथम पसंती देईन. मात्र हा संपूर्ण प्रदेश अस्थिर आहे आणि त्याची जाणीव ठेवूनच बेत आखावा लागतो. २०१६ च्या सोबरेनस वणव्यानंतरच्या हिवाळ्यात पावसाने दरडी आणल्या, उत्तरेकडचा फायफर कॅनियन पूल निकामी झाला, दक्षिणेकडे मे २०१७ मध्ये मड क्रीकची दरड रस्त्यासकट समुद्रात गेली, आणि उद्यानातल्या डोंगरवाटा दीर्घकाळ बंद राहिल्या. २०२४ मध्ये रेजंट्स स्लाइड या दरडीने पुन्हा रस्ता तोडला. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी राज्य उद्यान खात्याच्या आणि रस्ते खात्याच्या संकेतस्थळांवर, आज कोणती वाट आणि कोणता रस्ता खुला आहे, हे पाहणे अनिवार्य आहे. बंदची पाटी लावलेल्या वाटेवर जाऊ नये. पुढे पूल वाहून गेलेला असू शकतो.

एकच दिवस हाताशी असेल तर सकाळी लवकर पोहोचून वाहनतळात जागा घ्यावी, आधी कॅनियन फॉल्स आणि इव्होल्डसेन ट्रेल करावी, ओढ्याकाठी जेवावे आणि ऊन कलल्यावर बोगद्यातून धबधब्याकडे जावे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर त्यांना घळीच्या सावलीत टेबलापाशी बसवून तरुणांनी वर जाऊन यावे आणि मग सर्वांनी मिळून समुद्राकडची वाट धरावी. ज्यांना समुद्रात उतरून पोहायचे आहे किंवा वाळूत खेळायचे आहे त्यांनी इथे येण्याऐवजी दुसरा किनारा निवडावा. मुक्कामासाठी उद्यानात कड्यावर फक्त दोन तंबूजागा आहेत, वाहनतळापासून सामान वाहून न्यावे लागते आणि पिण्याचे पाणीही आपले आपणच न्यायचे. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि खुले होताच संपते. त्या सकाळी आठच्या आत संगणकासमोर बसण्याची तयारी असेल तरच त्या जागांची आशा धरावी, नाहीतर फायफर बिग सरच्या मोठ्या तंबूतळात जागा पाहावी.